मदतीचा गहू

मला उपास नसतो. कधीच नव्हता. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे नांदेडात माझ्याविषयी जो गैरसमज पसरला आहे तो निदान कागदावर तरी मिटेल. आमच्या कॉलनीत लोक मला मागून 'महाराज' म्हणतात. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी, चतुर्थी आणि प्रदोष आहेतच. लग्नाच्या पंगतीत मी बसलो आणि वाढपी पुऱ्यांची टोपली घेऊन आला की शेजारचाच कुणीतरी त्याला अडवतो, "सरांना नको, सरांचा उपास असतो." एका बाईंनी तर परीक्षेला जाणाऱ्या पोराला माझ्या पाया पडायला आणलं होतं. मी स्वतःहून देवळात शेवटचा कधी गेलो ते मला आठवत नाही. मला गहू चालत नाही, एवढंच आहे.

पण एवढंच कुणाला सांगून बघा. "मला आजार आहे, गहू खाल्ला की त्रास होतो," असं म्हटलं की समोरचा हसतो. गव्हाचा कुठं आजार असतो का? साखरेचा असतो, मिठाचा असतो, दारूचा असतो. मग तो ताटात आणखी एक पुरी टाकतो आणि ते वाक्य म्हणतो, जे मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे: "एवढ्याशानं काय होतंय?" त्याच माणसाला "आज उपास आहे" म्हणा. तो हात जोडतो, पुरी उचलून घेतो, आणि आत ओरडून विचारतो की भगर आहे का बघा. डॉक्टरचं आमच्याकडे कुणी ऐकत नाही, महादेवाचं सगळे ऐकतात. म्हणून मी महादेवाला पुढं केलं.

ही थाप मी पहिल्यांदा मारली ती मात्र लग्नात नव्हे, आणि परक्याला तर नव्हेच. पहिल्यांदा मी ती माझ्या आईला मारली. का मारली ते सांगायचं तर भूकंपापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. मी एकुलता एक. घरात तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी. आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची, साधी असते ती चपाती, आणि चपातीचा मान मोठा. ती सणाला व्हायची, पाहुणा आला की व्हायची, नाहीतर घरात कुणी आजारी पडलं की व्हायची. एरवी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर करडीचं तेल. त्या खाण्यावर मी चांगला टोणग्यासारखा वाढलो होतो. पाचवीत असताना धान्याचं अर्धं पोतं पाठीवर घ्यायचो, आणि आई माझी दृष्ट काढायची.

मग गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे ते झालं. त्याविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे. मी लिहिणार नाही, मला जेवणाविषयी लिहायचं आहे. आमच्या माळवदाची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून आम्ही तिघं राहिलो. पलीकडच्या गल्लीत भिंती आत पडल्या. आम्ही जिवंत आहोत याचीच लाज वाटावी असे ते दिवस होते.

ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात होती आणि पेव ढिगाऱ्याखाली. वरून पाऊस. दुसऱ्या दिवसापासून ट्रक यायला लागले. कुठल्या कुठल्या गावांनी पुऱ्या तळून पाठवल्या होत्या, ब्रेडच्या लाद्या होत्या, बिस्किटांचे पुडेच पुडे होते. मी तोवर ब्रेड फक्त औशाला दवाखान्यात बघितला होता. आता हवा तेवढा. रडणाऱ्या माणसांच्या मधून मी पळत जाऊन बिस्किटं आणत होतो, आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. पुढं पत्र्याची शेडं झाली आणि मदतीचा गहू आला. पांढरा, टपोरा, पोत्यात बंद. बायका म्हणायच्या, असला गहू तर सावकाराच्या घरी पण नव्हता.

थंडी सरेपर्यंत माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. पातळ व्हायचं, दिवसातून कितीदातरी. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि हातापायांच्या काड्या झाल्या. तोंड आतून सोललं. पाठीवर पोतं घेणारा पोरगा हंडा उचलेना. आईनं एक दिवस मला उजेडात उभं करून नीट बघितलं आणि निकाल दिला.

"लेकरानं धसका घेतलाय."

त्या वर्षी हा शब्द आमच्या भागात घराघरात होता, आणि खरा होता. कुणी बोलायचं बंद झालं होतं. कुणी छपराखाली झोपायला तयार नव्हतं. एक म्हातारा ट्रकचा आवाज आला की शेडातून बाहेर पळायचा. तो धसकाच होता. त्याच रांगेत माझे जुलाब जाऊन बसले. कुणाला शंका घ्यायचं कारणच नव्हतं, भूकंप झाला आणि पोरगं सुकलं, दोन्ही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

आईनं काय केलं नाही? उतारे टाकले. दर्ग्यातला ताईत बांधला. सोमवार धरले. औशाच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी पोट दाबून बघितलं, जंताचं औषध दिलं आणि म्हणाले, "ज्वारी जड असते. पोराला हलकं खाऊ घाला. ब्रेड, बिस्कीट, मऊ चपाती." आईनं हे देवाची आज्ञा असल्यासारखं धरलं. वडिलांनी तोवर पेव उकरलं होतं. ओल लागलेली, काळी पडलेली ज्वारी निघाली. ती आईनं धुतली, पत्र्यावर वाळवली, दळून आणली, आणि त्या कुबट वासाच्या भाकरी ती आणि वडील खात राहिले. मदतीचा पांढरा गहू सगळा माझ्यासाठी. चपाती करायची, दुधात कुस्करायची आणि मांडीवर घेऊन भरवायची. एवढा मोठा पोरगा मी, आणि मांडीवर. मी तोंड फिरवलं की म्हणायची, "खा माझ्या वाघा, गव्हाची हाय. आमाला तरी मिळायली का?"

आईचं आतडं माझ्यासाठी तुटायचं. खरोखर तुटत होतं ते माझं.

मी मेलो नाही, कारण मधूनमधून गहू संपायचा. सुगीनंतर नवी ज्वारी आली की महिना-दोन महिने मी भाकरीवर असायचो आणि अंगावर जरा मांस धरायचं. तेवढ्यात आईला बरं वाटून ती हौसेनं माझ्यासाठी पुन्हा गहू आणायची. पोरगं सुधारायलंय, आता जरा ताकदीचं घालू. आज हे सगळं मला फळ्यावर काढल्यासारखं स्वच्छ दिसतं. तेव्हा दिसलं नाही, मला नाही, कुणालाच नाही.

दहावीला मार्क चांगले पडले. त्या काळात आमच्या भागात चांगले मार्क पडलेल्या पोराला एकच रस्ता होता, आणि तो औसा रोडनं लातूरला जायचा. भूकंपात पडलेली घरं अजून पुरती उभी राहिली नव्हती, पण लातुरात क्लासेसच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. चाकूरची, कंधारची, उदगीरची पोरं येत होती. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या वडिलांना मी डॉक्टर व्हायला हवा होतो, कारण आमच्या गावात त्या पहाटे डॉक्टर पोचला नव्हता. एवढं साधं कारण होतं, आणि मला ते मान्य होतं.

लातुरात मी मेस लावली. मेसमध्ये चपाती, दोन्ही वेळा. भाकरी मागितली तर वाढणारा बाकीच्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "पाहुणे खेड्यातून आलेत वाटतं." मग मी कशाला मागतोय? सकाळी क्लासला जाताना चहा-टोस्ट, रविवारी मेस बंद म्हणून वडापाव. माझी जी गत झाली ती सांगायची म्हणजे सगळी संडासाची गोष्ट आहे, आणि सभ्य माणसांच्या आठवणींत संडास नसतो. माझ्या आठवणींत तो आहे. दीडशे पोरं बसलेल्या हॉलमध्ये मधल्या बाकावरून उठून, सगळ्यांना पाय आखडायला लावून बाहेर जाणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. भौतिकशास्त्राचे सर माइकवरून म्हणायचे, "आले बघा, स्वारी निघाली." हॉल हसायचा.

त्यांनीच एकदा मला बाजूला घेऊन समजावलं होतं, तेही प्रेमानंच. "तू टेन्शन फार घेतोस. पोट साफ ठेव, ध्यान कर, गव्हांकुराचा रस घे." मी महिनाभर गव्हांकुराचा रस घेतला. गावातला धसका लातुरात आला की त्याचं टेन्शन होतं, एवढं शहाणपण मला त्यातून मिळालं.

बारावीच्या बायॉलॉजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी आई गावाहून आली. डब्यात कणकेचे लाडू. डिंक, तूप, खारीक घालून केलेले. "डोक्याला ताकद लागती," म्हणाली, आणि माझ्यासमोर बसून खाऊ घातले. रात्रीपासूनच सुरू झालं. पेपरात मी तीनदा उठलो. आमच्या भागातला पर्यवेक्षक संडासला जाणाऱ्या पोरावर विश्वास ठेवत नाही. कॉपी कुठं लपवली आहे हे बघायला तो माझ्यामागं आला आणि दाराबाहेर उभा राहिला. तिसऱ्या खेपेला त्याची खात्री पटली असावी, कारण तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, "जा बाबा, जा." पचनसंस्थेवरचा मोठा प्रश्न त्या पेपरात होता. मला तो चांगला येत होता, पण लिहायला वेळ उरला नव्हता.

मेडिकल थोडक्यात हुकलं. आईनं गल्लीत सांगितलं की पोरानं परीक्षेचा धसका घेतला, भूकंपापासून ते मनानं हळवंच झालंय. मनानं हळवा! मी भयंकर चिडका माणूस आहे, तेव्हाही होतो. वडिलांनी पुढं बरीच वर्षं डॉक्टर हा शब्द तोंडातून काढला नाही.

बीएस्सी केलं आणि नांदेडला क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायला लागलो. डॉक्टर होता आलं नाही तो डॉक्टर बनवतो, असा हा धंदा आहे, आणि लातूरचं वारं तोवर नांदेडलाही पोचलं होतं. दरवर्षी मी फळ्यावर लहान आतड्याची आकृती काढायचो. आतल्या बाजूला बारीक बारीक लव असते, अन्नातला कस ती ओढून घेते, म्हणून सांगायचो. हे शिकवता शिकवता एका दुपारी खडू हातातच राहिला आणि मी फळ्याखाली पडलो. रक्त तपासलं तर अंगात रक्तच नाही. आई धावत आली. मी तेव्हा एकटा राहायचो, लग्न जमत नव्हतं, कारण मला बघून मुलीकडचे विचारायचे की ह्यांना नेमकं काय आहे.

डॉक्टर तरुण होता, मी शिकवलेल्या पहिल्या बॅचमधल्या पोरांच्या वयाचा. त्यानं विचारलं, "कधीपासून आहे हे?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "भुकंपापासनं."

डॉक्टर हसला. मीही हसलो. आता त्या हसण्याचा मला राग येतो. इतक्या वर्षांत माझ्या पोटाविषयी बोललेल्या सगळ्या शिकलेल्या माणसांत बरोबर तारीख सांगणारी ती एकटीच होती.

पुढच्या खेपेला दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा आई बाहेर बाकावर बसली. मी एकटा आत. डॉक्टरनं सांगितलं की आतड्यातली लव झिजून सपाट झाली आहे. मी दरवर्षी काढतो तीच लव. पीक काढून नेलेल्या रानासारखं माझं आतडं मोकळं पडलं होतं. आजाराचं नाव सेलिअॅक, गव्हातल्या एका चिकट भागानं होतो, गोळी नाही, औषध नाही, गहू जन्मभर बंद. मैदा, रवा, सातू, सगळं बंद. हा आजार जन्मापासून अंगात झोपलेला असू शकतो, गहू मिळाला की जागा होतो. मग त्यानं सहज विचारलं, "लहानपणी काय खायचात?"

"भाकरी."

"मग गहू कधी सुरू झाला?"

मला पत्र्याचं शेड दिसत होतं आणि पांढऱ्या गव्हाचं पोतं दिसत होतं. वीस वर्षांचा हिशेब एका क्षणात लागला. भूकंपानं मला काही केलं नव्हतं. मला जे झालं ते मांडीवर घेऊन, घास घास करून भरवलेलं होतं.

मला आईचा राग येतो. हे वाक्य लिहायला जड जातं, पण येतो. तिला कळायला हवं होतं असं नाही, कळणार कसं? औशाच्या डॉक्टरला कळलं नाही. पण राग काय कुणाला विचारून येतो? राग आला की मला तिचं ते कुबट भाकरी खाणारं तोंड आठवतं, आणि मग रागाला बसायला जागा उरत नाही. तो तसाच पोटात राहतो, एवढं पोट खराब असून.

बाहेर आलो. आई बाकावरून उठली. "काय म्हणला डाक्टर?"

"सेलिअॅक."

"शिळं?"

तिनं मान हलवली, तिला पटलं होतं. "मला वाटलंच. मेसचं शिळंपाकं खाऊन झालंय हे. आता शिळं बंद."

मी तिला दुरुस्त केलं नाही. दुरुस्त केलं असतं तर दुसरा प्रश्न आलाच असता, आणि आमची आई शाळेत गेली नसली तरी दोन आणि दोन चार तिला सांगावे लागत नाहीत. त्या दिवशी खोलीवर येऊन तिनं उत्साहानं पीठ मळलं. शिळं नको म्हणून ताजी, तव्यावरची, फुगलेली गरम चपाती माझ्या ताटात आली. वाफ निघत होती. आई समोर बसली होती, खाताना बघायला, जशी आयुष्यभर बसायची.

"आई," मी म्हणालो, "आज सोमवार आहे. मी उपास धरलाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं देवाला लागलं म्हणून. मग तिनं शेंगदाण्याची आमटी आणि भगर केली आणि मी कितीतरी वर्षांनी आईच्या हातचं खाऊन रात्रभर शांत झोपलो. एका वाराचे दोन झाले, दोनाचे चार. गावी गेलो की ती ओळखीच्यांना सांगायची, असा मुलगा मिळायला पुण्याई लागती.

माझं बस्तान बसलं ते असं. सहा-आठ महिन्यांत वजन वाढलं, लग्न जमलं. बायको कंधारची, तिला मी बघायला गेलो तेव्हाच खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भाकरी थापाव्या लागतील, एवढंच ना? आमच्याकडं तेच खातात." मला तिथंच ती आवडली. तिनं घरात दुसरा तवा, दुसरी परात केली. गिरणीत ज्वारीसुद्धा बाटू शकते, आधी गहू दळला असेल तर जात्यात राहिलेला गहू आपल्या पिठात येतो. म्हणून गिरणीवाल्याला सांगायचं असतं की आमची ज्वारी ज्वारीवरच टाका. कुणाची तरी ज्वारी आधी दळून होऊ दे, मग आमची. हे सगळं पाळूनही मी अधूनमधून आजारी पडायचो, तेव्हा तिनंच एक दिवस हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. हिंगात गव्हाचं पीठ. रोजच्या वरणात चिमूटभर.

बाहेर मात्र महाराजच राहिलो. क्लासमध्ये कुणाचा वाढदिवस असला की केक, नाहीतर समोसे. "एका समोशानं काय होतंय सर?" उपास. पालकांच्या घरी सत्यनारायण. इथं मात्र महादेव कामाला येत नाही, प्रसादाला उपास आड येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. शिरा हातावर पडला की तो तोंडाशी नेल्यासारखं करून रुमालात घ्यायचा, हात धुवायचे. नांदेडला पाहुणे आले की त्यांच्याबरोबर गुरुद्वाऱ्यात दर्शनाला जाणं आलं आणि कडाप्रसाद म्हणजे निव्वळ कणीक आणि तूप. तोही मी कपाळाला लावून बायकोच्या हातावर ठेवतो. तिचं देवाशी चांगलं आहे, माझा वाटाही तीच खाते.

अलीकडे तर वेगळीच गंमत. मोठ्या दुकानात 'ग्लुटेन-फ्री' म्हणून चकचकीत पाकिटं आली आहेत. बारीक व्हायला म्हणून हौसेनं गहू सोडलेले लोक भेटतात आणि मला सांगतात, "सर, तुम्ही पण ट्राय करा." हॉटेलात ज्वारीची भाकरी आता मानानं टोपलीत येते. लातूरच्या मेसमध्ये जिच्यावरून मला हसले तीच ही भाकरी. मी काही बोलत नाही. बोललो तर भांडण होईल, आणि भांडणात मला धाप लागते.

वडील गेल्यावर आई कायमची आमच्याकडे आली. आता तिला दात नाहीत. भाकरी चावत नाही, म्हणून बायको तिच्यासाठी वेगळ्या तव्यावर मऊ चपाती करते, आणि ती दुधात कुस्करून खाते. माझे उपास चालूच होते. उपास नसेल त्या दिवशी भाकरी. सुनेला वेगवेगळे तवे कशाला लागतात, असं तिनं एकदा विचारलं तेव्हा बायकोनं सोवळ्याचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

एका रविवारी आई हट्टानं माझ्याबरोबर गिरणीत आली. बसून बसून कंटाळा येतो म्हणाली. गिरणीवाले चाचा माझ्या वडिलांच्या वयाचे, कान गेलेले, त्यामुळे मोठ्यानं बोलतात. मला बघताच त्यांनी आतल्या पोराला हाक मारली, "सर की जवारी जवारी पेच डाल रे! गेहूं नक्को लगने दे, बीमार पडते उनो!" मग आईकडे वळून कौतुकानं म्हणाले, "अम्मा, तुमच्या पोराला गव्हाचा दाणा म्हणजे जहर आहे. मी कधी चूक केली नाही."

येताना रिक्षात पिठाचा गरम डबा आईनं मांडीवर धरला होता.

घरी दुपारच्या जेवणाला बसलो. माझ्या ताटात भाकरी, तिच्या ताटात चपाती आणि दुधाची वाटी. तिनं चपातीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"तुला गव्हानं होतंय व्हय रं?"

"होतंय थोडं."

"म्हणून उपास?"

"म्हणून."

"कवापासनं?"

मी भाकरी मोडत राहिलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या तुकड्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की ती मागं मागं चालली आहे. नांदेड, लातूर, कणकेचे लाडू, त्याच्याही मागं. तिचे ओठ हलायला लागले.

"तवा… त्या पत्र्यात… म्या तर तुला गव्हाचंच…"

"तेव्हाचं वेगळं होतं, आई." मला माझाच आवाज मोठा वाटला. "हे गव्हाचं नंतरचं आहे. नांदेडला आल्यावरचं. तेव्हा मी धसकाच घेतला होता."

"डाक्टर म्हणला?"

"डॉक्टर म्हणाला. आईचं बरोबर आहे म्हणाला. भूकंपाचा धसका होता तो."

आयुष्यभर ज्या शब्दावर मी दात खाल्ले, तो माझ्या तोंडातून इतक्या सहज आला की बायकोनं वरण वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. आईनं डोळे मिटले, मग उघडले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

"म्या म्हणत व्हतेच," ती म्हणाली. "लेकरानं धसका घेतलाय, लेकरानं धसका घेतलाय. कुणी ऐकलं न्हाई माझं. तो औशाचा डाक्टर तर माझ्यावर खेकसला व्हता."

"तूच बरोबर होतीस."

"मंग!"

ती चपाती मोडायला लागली, पण तुकडे वाटीबाहेर पडत होते. मी ताट बाजूला सारलं, तिची वाटी पुढं ओढली आणि चपाती दुधात नीट कुस्करून दिली. मग उठून हात साबणानं धुतले, नखांतसुद्धा, आणि माझ्या भाकरीला बसलो.